घरची भाषा बंद करा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

परदेशात लहान मुले वाढवणाऱ्या मराठी पालकांच्या गटांमधून गेले काही महिने एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घरात एक आणि बाहेर दुसरी भाषा ऐकणाऱ्या मुलांचा गोंधळ उडतो व ती उशिरा बोलू लागतात, एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हे त्या गोंधळाचे लक्षण होय, मूल बोलायला उशीर करत असेल, तर घरची भाषा ताबडतोब थांबवावी आणि आई-वडिलांनी त्या देशाचीच भाषा बोलावी, मातृभाषा रक्तातच असल्यामुळे ती मोठेपणी आपोआप येते, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलू देणे म्हणजे त्याला पडद्याची सवय लावणे. हे सारे तज्ज्ञांनी सिद्ध केले आहे, असे शेवटी लिहिलेले आहे. ते तज्ज्ञ कोण आणि त्यांनी हे कुठे सिद्ध केले, याचा मात्र संदेशात कोठेही पत्ता नाही.

हा संदेश माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला, तिने तो खरा मानला आणि नुकतीच दोन वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या मुलाशी मराठीत बोलणे थांबवले. तिथली भाषा तिला कामापुरती चांगली येते. पण झोपमोड झालेल्या, हट्टाला पेटलेल्या मुलाची समजूत त्या भाषेत कशी काढावी, हे तिला सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून ती गप्प राहते. मुलाने अधिक बोलावे यासाठी सांगितलेल्या उपायामुळे त्या घरातले बोलणेच कमी झाले. म्हणून या संदेशाकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही.

पहिला मुद्दा उशिरा बोलण्याचा. बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मायामी येथे स्पॅनिश आणि इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या २५ मुलांची तुलना ३५ एकभाषिक मुलांशी केली होती. मुले ८ ते ३० महिन्यांची होती. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरून, म्हणजे मुलाला कोणत्या ना कोणत्या भाषेत किती गोष्टींची नावे येतात हे मोजून पाहिल्यावर, दुभाषिक मुलांचा शब्दसंग्रह सावकाश वाढतो असे म्हणायला संशोधकांना कोणताही आधार सापडला नाही. अभ्यासातील मुलांची संख्या मोठी नव्हती, हे खरे. पण मोजण्याची जी रीत या अभ्यासाने पुढे आणली, तिच्याशिवाय या प्रश्नावर बोलताच येत नाही. अंघोळ, झोप, अंथरूण-पांघरूण, नातीगोती यांचे शब्द मूल घरी शिकते. रांगेत उभे राहणे, वाळूत खेळणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांचे शब्द ते पाळणाघरात शिकते. पाळणाघरातील शिक्षिकेला त्याचा एक भाग ऐकू येतो आणि आईला दुसरा. मुलाला फार थोडे शब्द येतात, हे त्या शिक्षिकेचे निरीक्षण प्रामाणिक असते, परंतु दोन्ही भाग एका कागदावर मांडल्याखेरीज त्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे चूक आहे.

यातले अर्धे सत्य मात्र मान्य करावे लागेल. केवळ एकाच भाषेतले शब्द मोजले तर दुभाषिक मुलाची संख्या पुष्कळदा कमी भरते आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांतही ही तफावत दिसू शकते. घरी केवळ मराठी ऐकलेले मूल पाळणाघरात गेल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही, तिथे जवळजवळ मुके राहते आणि ते पाहताना आई-वडिलांच्या जिवाला लागते. पण ही तफावत त्या दुसऱ्या भाषेच्या सहवासातूनच भरून येते. ती बोलणारी मुले, शिक्षिका आणि शेजारी यांच्यासोबत मुलाचा जो वेळ जातो, त्याने हे काम होते. ती भाषा जेमतेम येणाऱ्या आई-वडिलांनी घरात तिचे अनुकरण केल्याने होत नाही.

दुभाषिक मुले मागे पडतात, ही समजूत आली तरी कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यांतून ती मंद ठरवली गेली. १९२३ साली वेल्समधील मुलांवर झालेला सायर यांचा अभ्यास त्यांतला एक प्रसिद्ध अभ्यास. ही तुलना करताना कुटुंबांची आर्थिक स्थिती, शिक्षण आणि चाचणीची भाषा यांतील फरकांचा पुरेसा विचार होत नसे. पुढे १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना सामाजिक-आर्थिक स्तर सारखा ठेवला, तेव्हा दुभाषिक मुले मागे नव्हे, तर पुढे दिसली. त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले निवडली होती, त्यामुळे दुभाषिक मूल अधिक हुशार असते असा उलट दावा मी करणार नाही. पण मंदपणाचा जुना निष्कर्ष तेव्हाच कोसळला होता, आणि साठ वर्षांनंतरही तो पालकांना घाबरवण्यासाठी वापरला जातो, याचा मला राग येतो.

शब्द मिसळण्याच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. दोन्ही भाषा जाणणारी मोठी माणसेही दिवसभर तेच करतात. फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमध्ये केलेल्या अभ्यासांत दोन-अडीच वर्षांची मुलेसुद्धा समोरची व्यक्ती कोणती भाषा बोलते, हे पाहून आपल्या बोलण्यात बदल करताना आढळली. गोंधळलेल्या मुलाला हे जमले नसते.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. मूल उशिरा बोलत असेल तर घरची भाषा थांबवा, हा सल्ला दोन बाजूंनी घात करतो.

पहिली बाजू अशी की खऱ्या कारणाचा शोध लांबणीवर पडतो. उशीर दोन भाषांमुळे झाला असे एकदा ठरवले की पालक एक भाषा बंद करतात आणि वाट पाहत बसतात. या वाट पाहण्यात सहा महिने, वर्ष सहज निघून जाते. मुलाला कमी ऐकू येत असेल, तर त्या काळात त्याला कोणतीच भाषा धड मिळत नाही. जन्मतः झालेल्या श्रवणचाचणीत काही दोष न आढळलेल्या मुलालाही पुढे ऐकण्याची अडचण निर्माण होऊ शकते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिल्यानेही काही काळ ऐकू कमी येते, आणि हे घरच्यांच्या लक्षात येतेच असे नाही, कारण मूल मोठ्या आवाजाला प्रतिसाद देत असते. म्हणून बोलण्यात उशीर दिसला की सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत. बारा महिन्यांपर्यंत मूल बडबडत नसेल किंवा बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात बोलायचे थांबले असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. हे निकष एकभाषिक आणि दुभाषिक मुलांना सारखेच लागू आहेत. घरात दोन भाषा आहेत म्हणून थोडी सवलत देऊ, असे पालकांनीही म्हणू नये आणि डॉक्टरांनीही. तपासणीला जाताना मुलाला दोन्ही भाषांत येणारे सगळे शब्द लिहून न्यावेत, कारण तपासणाऱ्याला बहुधा त्यांतली एकच भाषा कळत असते.

दुसरी बाजू त्याहून क्रूर आहे. ज्या मुलाला खरोखरच बोलण्यात अडचण आहे, त्याला भाषेची, आणि भाषेतून मिळणाऱ्या जवळिकीची, इतरांपेक्षा अधिक गरज असते. नेमक्या त्याच मुलाच्या आई-वडिलांना तुम्ही तुमची भाषा गिळून टाका असे सांगितले जाते. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील दुभाषिक मुलांचे इंग्रजी, त्याच विकासपातळीवरच्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या एकभाषिक मुलांच्या तोडीचे होते. दुसऱ्या भाषेमुळे नुकसान झाल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्या मुलांना भाषा शिकायला निश्चितपणे जास्त कष्ट पडतात, त्यांच्याही बाबतीत एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारते असे दिसत नसेल, तर निरोगी मुलाच्या आईला असा सल्ला कोणत्या आधारावर दिला जातो? काही ठिकाणी डॉक्टर आणि शिक्षकही अजून असे सुचवतात, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हा संदेश पालकांना पटतो. अशा वेळी, तुमच्या या सल्ल्यामागे कोणता अभ्यास आहे, असे नम्रपणे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

शिवाय आई-वडील कशा प्रकारची भाषा बोलतात, यालाही महत्त्व आहे. परकी भाषा बोलताना बहुतेक माणसे सूचनांपुरती बोलतात: ये, बस, नको, लवकर कर. गोष्ट रंगवून सांगणे, काल काय झाले ते आठवून देणे, रागावण्याचे कारण समजावणे, उगाच काहीबाही गुणगुणणे, हे सारे आपल्या भाषेत न ठरवता होत असते. मुलाचे बोलणे वाढते ते याच ऐवजावर.

मातृभाषा रक्तात असते, हा चौथा मुद्दा ऐकायला गोड आणि परिणामात घातक आहे. क्रिस्टोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरियात जन्मलेली, पण ३ ते ८ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेली आणि आता प्रौढ झालेली माणसे तपासली गेली. त्यांना कोरियन वाक्ये ओळखता आली नाहीत आणि कोरियन ऐकताना त्यांच्या मेंदूतील प्रतिसाद, ती भाषा कधीच न शिकलेल्या फ्रेंच माणसांसारखाच होता. काही वर्षे बोललेली भाषासुद्धा अशी पुसली जाऊ शकते, तर मुळात न बोललेली भाषा मोठेपणी आपोआप कोठून येणार? लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली अमेरिकेतील सुमारे हजार स्थलांतरित कुटुंबांविषयी लिहिले, तेव्हा त्यांनी नोंदवलेली हानी केवळ भाषेची नव्हती. मुलाने घरची भाषा सोडली आणि आई-वडिलांना बाहेरची नीट येत नसली, की काही वर्षांत घरात उपदेश करणे, धीर देणे, वाद घालणे, सारेच अवघड होऊन बसते. तीन वर्षांच्या मुलाबाबत हे जाणवत नाही; तेच मूल चौदा वर्षांचे झाले की जाणवते.

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलचा मुद्दा तर सरळ चुकीच्या वाचनातून आलेला आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये असे सांगताना व्हिडिओ कॉल स्पष्टपणे वगळला होता. पडद्यावरचे माणूस मुलाला पाहून, त्याचे ऐकून उत्तर देते, हाच तो फरक. इतके सांगून हा मुद्दा सोडते.

एका गोष्टीबाबत मात्र माझ्या बाजूच्या लोकांनीही पालकांना खोटा दिलासा देऊ नये. घरची भाषा बोलत राहिल्याने ती मुलाच्या तोंडी येईलच, याची खात्री नाही. आनिक दे हाउवर यांनी २००७ साली बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील १,८९९ कुटुंबांची माहिती मांडली. या कुटुंबांत निदान एक पालक घरी वेगळी भाषा बोलत असूनही सुमारे चतुर्थांश कुटुंबांतील मुले ती बोलत नव्हती. जिथे दोन्ही पालक घरात केवळ आपली भाषा वापरत, तिथे ९६ टक्क्यांहून अधिक कुटुंबांत मुले ती बोलत होती. जिथे एक पालक एक आणि दुसरा दुसरी भाषा बोले, तिथे हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले. म्हणजे मेहनत आहे, आणि दोघांपैकी एकाच पालकावर ती पडली तर यश कमी मिळते. परंतु संदेशात सांगितलेल्या उपायाच्या नेमके उलटे हे आकडे आहेत: घरात बाहेरची भाषा जितकी शिरते, तितकी घरची भाषा मुलाच्या तोंडून जाण्याची शक्यता वाढते.

ज्यांनी हा संदेश वाचून घरची भाषा थांबवली असेल, त्यांनी ती आजपासून पुन्हा सुरू करावी. मूल काही काळ दुसऱ्याच भाषेत उत्तर देईल. त्याला टोकू नये, त्याच्याकडून शब्द म्हणवून घेऊ नयेत आणि आपणही त्याच्यामागे त्या भाषेत जाऊ नये. त्याने जे सांगितले तेच आपल्या भाषेत, एखादे वाक्य अधिक घालून बोलावे आणि संभाषण पुढे न्यावे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी तो ज्या गटात पाठवला, त्याच गटात तो चुकीचा असल्याचे लिहावे, कारण दोन वर्षांच्या मुलाचे आई-वडील तो वाचून त्याच संध्याकाळी गप्प बसतात.