'पिवळा बेडूक दिसला की मारा' या मजकुराला उत्तर

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की व्हॉट्सअॅपवर एक फोटो फिरायला लागतो. पिवळाधमक बेडूक आणि खाली साधारण असा मजकूर: 'अॅमेझॉनच्या जंगलातला जगातला सर्वांत विषारी बेडूक. जन्मतःच विषारी. नुसता हात लागला तरी माणूस मरतो. एका बेडकात दहा माणसं मारण्याएवढं विष. तिथले आदिवासी याच विषाचे बाण वापरतात. रंग जेवढा भडक तेवढं विष जास्त. याला कोणीच खाऊ शकत नाही. याच्यापासून मॉर्फिनपेक्षा २०० पट जोरदार औषध बनतं. आता हा आपल्याकडेही आलाय, दिसला की मारा.'

सगळ्यात आधी शेवटचं वाक्य, कारण त्यापायी बेडूक फुकट मरतात.

आपल्याकडे बांधावर, डबक्यात, भाताच्या खाचरात दिसणारा पिवळा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. एरवी हिरवट-तपकिरी असतो. विणीच्या दिवसांत नर पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि 'डराव डराव' सुरू होतं. माद्या अशा पिवळ्या होत नाहीत, आणि हंगाम सरला की नरांचाही रंग उतरतो. हा रंग विणीचा आहे, त्याचा विषाशी काही संबंध नाही. गोव्यात तर कायद्याने बंदी असूनही पावसाळ्यात याच बेडकांची मांसासाठी चोरून शिकार होते. फोटोतल्या बेडकाचं कुटुंब डेंड्रोबॅटिडी. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. भारताच्या रानात त्यातली एकही जात नाही.

'अॅमेझॉनच्या जंगलातला'

फोटोतला बेडूक फायलोबेट्स टेरिबिलिस. त्याचं घर अॅमेझॉनच्या खोऱ्यात नाही, अँडीज पर्वताच्या पलीकडे, कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, साइखा नदीच्या परिसरात आहे. चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस माल्किन यांनी १९७८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तिथले एम्बेरा लोक धनुष्याचे बाण नव्हे, तर फुंकनळीतून मारायच्या बारीक सुया या विषाने माखतात. जिवंत बेडकाच्या पाठीवरून सुईचं टोक फिरवलं की काम होतं. या कामासाठी ते तीनच जाती वापरतात, तिन्ही फायलोबेट्सच. कुटुंबात मात्र सुमारे २०० जाती आहेत. त्यातल्या कित्येक साध्या तपकिरी आणि जवळपास बिनविषारी.

'हात लागला तरी मरण, एकात दहा माणसं'

हे विष भयंकर आहे, यात शंका नको. बॅट्राकोटॉक्सिन असं त्याचं नाव. चेतापेशींच्या आणि स्नायूंच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात, म्हणून संदेश पुढे जातो. हे विष त्या दारात बसलं की दार मिटतच नाही. मग स्नायू आखडतात, हृदयाची लय मोडते, आणि यावर उतारा नाही. पण त्यासाठी ते जखमेतून, तोंडातून किंवा डोळ्यांतून आत जावं लागतं. धडधाकट कातडीला स्पर्श झाला आणि माणूस कोसळला, असं त्याचं काम चालत नाही. अर्थात रानातला असा बेडूक उघड्या हाताने उचलणं हा वेडेपणाच. 'दहा माणसं' हा आकडा उंदरांवरच्या चाचण्यांवरून लावलेला हिशेब आहे: रानातल्या एका बेडकाच्या कातडीत साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत विष सापडतं, त्यावरून काढलेला. अंदाज म्हणून ठीक आहे, पण तो प्रत्येक बेडकाला चिकटवता येत नाही. का, ते पुढे.

'जन्मतःच विषारी'

या मजकुरातलं सर्वांत चुकीचं विधान हेच, आणि मला सांगायचंय तेही मुख्यतः याच्याबद्दल. हा बेडूक विष तयार करत नाही. विष त्याच्या खाण्यातून येतं.

डेली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं की रानातून आणलेल्या टेरिबिलिसमध्ये सहा वर्षं बंदिवासात ठेवल्यावरही विष शिल्लक होतं, फक्त कमी झालं होतं. पण त्यांचीच बंदिवासात जन्मलेली पिल्लं तपासली तर त्यांच्यात बॅट्राकोटॉक्सिन सापडलंच नाही. आईबाप तेच, रंग तोच आणि विष नाही.

दुसरा पुरावा हवाईतला. १९३२ मध्ये पनामातून डेंड्रोबेट्स ऑराटस हा हिरवा-काळा बेडूक डास खाईल म्हणून ओआहू बेटावर सोडला. तो तिथे टिकला, वाढला. पुढे तपासणी झाली तेव्हा त्याच्या कातडीतलं रसायनांचं मिश्रण पनामातल्या भाऊबंदांशी पूर्ण जुळत नव्हतं, कारण पालापाचोळ्यातले किडे वेगळे होते. त्याच जातीची पिल्लं काचपेटीत फळमाश्यांवर वाढवली, तर कातडीत अल्कलॉइड, म्हणजे ही विषारी रसायनं, काहीच नाहीत. मुंग्या आणि पालापाचोळ्यातले माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव, हे या अल्कलॉइडांचे मोठे पुरवठादार आहेत, हे नंतरच्या कामातून पक्कं झालं.

शास्त्रात अपवाद असतात, ते लपवू नयेत. काही जाती खाण्यातून मिळालेल्या अल्कलॉइडमध्ये थोडा रासायनिक बदल करून त्याला जास्त जहाल करतात. ऑस्ट्रेलियातला कोरोबोरी बेडूक तर स्वतःचं विष स्वतः बनवतो. पण तो वेगळ्या कुटुंबातला.

याच संदर्भात स्ट्रॉबेरी बेडूक, म्हणजे ऊफागा पुमिलिओ, बघण्यासारखा आहे. जेमतेम दोन सेंटिमीटरचा जीव. अंडी पाचोळ्यात, त्यांना ओल देत राहायचं काम नराचं. पिल्लं बाहेर आली की आई एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या चमचाभर पाण्यात सोडते. मग दर काही दिवसांनी प्रत्येकाकडे परत येते. आई पाण्यात उतरली की पिल्लू अंग ताठ करून थरथरतं; ती त्याची खाऊ मागायची रीत. आई तिथे फलन न झालेली अंडी घालते, तेच पिल्लाचं अन्न. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की आईच्या अंड्यांवर वाढलेल्या पिल्लांत अल्कलॉइड होते, आणि दुसऱ्या बिनविषारी बेडकांची अंडी खाऊ घातलेल्यांत नव्हते. आई दूध पाजावं तसं विष भरवते.

'रंग जेवढा भडक तेवढं विष जास्त'

यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त पसरतं. भडक रंग हा इशारा असतो. कोस्टा रिकातल्या ला सेल्वा या संशोधन केंद्राच्या रानात मातीचे लाल आणि तपकिरी बेडूक ठेवून पाहिलं. मऊ मातीत चोचीच्या खुणा उमटतात, त्या मोजल्या. तपकिरी बेडकांवर लालपेक्षा जवळपास दुप्पट हल्ले झाले. पक्षी लाल रंग टाळतात, हे खरं.

पण रंगावरून विषाचं माप काढता येत नाही. पनामातल्या बोकास देल तोरो बेटांवर स्ट्रॉबेरी बेडकाच्या भडक वस्त्यांमध्ये विष जास्त आढळलं. शेजारच्या कोस्टा रिकात, त्याच्याच जवळच्या नात्यातल्या ऊफागा ग्रॅन्युलिफेरामध्ये उलटं: डोळ्यांत कमी भरणारे हिरवे बेडूक लालपेक्षा जास्त विषारी.

इक्वेडोरमधलं काम तर विचार करायला लावतं. कॅथरीन डार्स्ट आणि मॉली कमिंग्ज यांनी २००६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अॅलोबेट्स झापारो हा बिनविषारी बेडूक विषारी शेजाऱ्यांची नक्कल करतो. शेजारी दोन, एक जास्त विषारी, एक कमी. दोन्ही जिथे एकत्र राहतात तिथे तो कमी विषारी शेजाऱ्याची नक्कल करतो. कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग केल्यावर कारण कळलं. जास्त विषारी बेडकाचा अनुभव आलेलं पिल्लू इतकं धास्तावतं की त्याच्याशी थोडंफार साम्य असलेले सगळेच टाळतं. कमी विषारीचा अनुभव आलेलं फक्त हुबेहूब तसाच दिसणारा टाळतं. त्यामुळे कमी विषारीसारखं दिसलं की दोन्हीकडून संरक्षण.

फ्रेंच गयानातल्या डेंड्रोबेट्स टिंक्टोरियसचे पिवळे-काळे पट्टे जवळून डोळ्यांत भरतात, पण लांबून बघणाऱ्याच्या नजरेत ते मिसळून जातात आणि बेडूक पाचोळ्यात विरून जातो. जवळच्याला इशारा, लांबच्यापासून लपण.

आणि रंग फक्त शत्रूसाठी नसतोच. बोकासमध्ये हिमयुगानंतर समुद्र चढला, बेटं सुटी झाली, आणि एकाच जातीचे बेडूक कुठे लाल, कुठे हिरवे, कुठे नारिंगी झाले. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या युसान यांग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की एका रंगाची पिल्लं दुसऱ्या रंगाच्या आईकडे वाढवली, तर मोठ्या झालेल्या माद्या जन्मदात्यांचा नव्हे, तर सांभाळणाऱ्या आईचा रंग असलेला नर पसंत करतात. नरही त्याच रंगाच्या नराशी जास्त भांडतात. बालपणी पाहिलेला रंग असा मनात बसल्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या बेडकांमध्ये हळूहळू नव्या जातींची फारकत सुरू होऊ शकते. 'भडक म्हणजे विष' एवढ्याशा सूत्रात हे कुठे मावणार!

'याला कोणीच खाऊ शकत नाही'

एरिथ्रोलॅम्प्रस एपिनेफेलस हा साप टेरिबिलिसची पिल्लं खातो, त्याला हे विष पचतं. बेडकाला स्वतःला विष का बाधत नाही, यावर अजून वाद आहे. सोडियमच्या दारात बदल झालाय असं एक मत. रक्तातली प्रथिनं विषाला स्पंजासारखी धरून ठेवतात असं दुसरं.

'मॉर्फिनपेक्षा २०० पट औषध'

हा दावा वेगळ्याच बेडकाचा, पश्चिम इक्वेडोरमधल्या एपिपेडोबेट्स अँथोनीचा, आणि तिथेही औषध बनलेलं नाही. डेली आणि मायर्स यांनी १९७४ पासून तिथून बेडकांच्या जवळपास ३,००० कातड्या जमवल्या. त्यातून एपिबॅटिडिन मिळालं, तेही इतकं थोडं की त्याची रचना १९९२ मध्ये, उपकरणं सुधारल्यावरच ठरवता आली. पेटीत वाढवलेल्या बेडकांकडून जास्त मिळेल म्हणावं, तर त्यांच्यात ते नव्हतंच. उंदरांच्या वेदना ते मॉर्फिनच्या २०० पट ताकदीने थांबवतं, पण मॉर्फिनच्या वाटेने नाही, पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रसायन जिथे चिकटतं त्या जागांवर) निकोटिन काम करतं त्यांच्यावाटे. वेदना थांबवणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असल्याने माणसांना ते देता येत नाही. त्याच्या धर्तीवर अॅबट कंपनीने टेबॅनिक्लिन बनवलं. माणसांवरच्या चाचण्यांत वेदना कमी झाल्या, पण मळमळ, चक्कर, उलट्या सहन होईनात, आणि ते औषध बाजारात आलंच नाही.