प्रकटीकरण २० : गडहिंग्लजच्या बंधूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम बंधू,

मागच्या लेखात मी बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, म्हणजे प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं लाक्षणिक धरली, त्यावर तुम्ही चांगलेच तापलात. तुमची हरकत थोडक्यात अशी : शास्त्र हजार म्हणतं म्हणजे हजारच, आज आकडा लाक्षणिक म्हणणारा ‘खोटा शिक्षक’ उद्या पुनरुत्थानही लाक्षणिक म्हणेल, पहिल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) सगळे हेच मानत होते, आणि असल्या लेखांनी कोल्हापूरच्या मंडळ्या झोपी जातात.

झोपेचं आधी बघू. मंडळ्या झोपतात हे खरं, पण त्याचं श्रेय माझ्या ब्लॉगला देऊ नका, एवढे वाचक मला कुठले! अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, पुढे इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारात (विश्वासाच्या लेखी कबुलीत) हजार वर्षांचं वेळापत्रक नाही. न्यायाचा दिवस देवाने गुप्त का ठेवला, हे मात्र आहे : माणसांनी निर्धास्त न होता सदा जागं राहावं म्हणून.

पुनरुत्थानाचं म्हणाल, तर प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात साक्षीदार मोजून दाखवतो, पाचशेंहून अधिक बंधूंनी प्रभूला पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत म्हणतो. ती साक्ष आहे. प्रकटीकरण हा दृष्टान्त आहे. त्याच विसाव्या अध्यायात सैतानाला साखळीने बांधलंय. ती साखळी लोखंडाची, असं तुम्हीही म्हणणार नाही.

पण तुमचा एक मुद्दा भारी आहे आणि तो तुम्ही घाईत एका ओळीत उरकलात. चौथ्या वचनात काही जण जिवंत होतात, पाचव्यात बाकीचे मेलेले हजार वर्षांनंतर. दुसरं जिवंत होणं शरीराचं, तर पहिलं आत्मिक कशावरून? आमच्या बाजूने यावर उत्तरं दिली जातात, मीही देतो, पण त्यांनी माझंच पुरतं समाधान होत नाही. आता तुम्ही मला सांगा : योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात (योहान ५) प्रभू म्हणतो की, कबरेतले सर्व जण त्याची वाणी ऐकून बाहेर येतील, नीतिमान आणि दुष्ट एकाच घटकेला. मग मधली हजार वर्षं कुठे बसवायची?

‘सगळे हेच मानत होते’ हे मात्र टिकत नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर तुमच्याच मताचा. तरी तो स्वतःच लिहितो की, शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती लोक वेगळं मानतात. त्यांना तो खोटे म्हणत नाही.

पुढच्या शतकात इजिप्तमधल्या अर्सिनोए भागात नेपोस नावाचा बिशप पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची शिकवण देऊन वारला, आणि त्यावरून मंडळ्यांत फूट पडली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस विरुद्ध मताचा. त्याने पत्रक काढून कोणाला बाहेर काढलं नाही. तो तिथे गेला, गावोगावच्या मंडळ्यांचे वडीलजन आणि शिक्षक बोलावले, आणि नेपोसचं पुस्तक मध्ये ठेवून तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला. नेपोसचा विश्वास, त्याची मेहनत, त्याने दिलेली गीतं यांचं त्याने मनापासून कौतुक केलं. समोरच्यांनी पटेना तिथे शंका काढल्या, पटलं तिथे मान्य केलं. शेवटी त्यांच्या पुढाऱ्याने, कोराकिओनने, ही शिकवण आपण यापुढे देणार नाही असं सर्वांसमक्ष सांगितलं.

‘तुमची बाजू जिंकली म्हणून सांगताय’, असं म्हणाल. मग पुढचंही ऐका. याच डायोनिसियसने प्रकटीकरण प्रेषित योहानाचं नव्हे, दुसऱ्याच कोणा योहानाचं, असं मत मांडलं. पूर्वेकडच्या मंडळ्या पुढे बराच काळ या पुस्तकाबद्दल साशंक राहिल्या, त्यात या मताचाही हात होता. इतकं मोलाचं पुस्तक कडेला सरकवलं ते आमच्या बाजूच्यांनी. तुमची माणसं ते उघडून वाचत राहिली, हे ऋण मी मानतो.

प्रभू देहाने, उघडपणे परत येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे तुम्हीही मतांगीकारात म्हणता, मीही म्हणतो. वाद त्याच्या आधी-नंतरच्या क्रमाचा आहे. तेवढ्यासाठी ‘खोटा शिक्षक’ हे शब्द मला जड वाटतात.

योहान ५ वर तुमचं उत्तर सविस्तर लिहून पाठवा. काटछाट न करता इथेच छापतो. फक्त लशीतून प्रकटीकरणातल्या श्वापदाचा शिक्का मारतात म्हणणारा तो व्हिडिओ सोबत जोडू नका, त्यावर मी वाद घालणार नाही.