पाचवा भाग कंटाळवाणा? मला तसं वाटत नाही

'ऑर्डर ऑफ द फिनिक्स' हा हॅरी पॉटर मालिकेतला पाचवा भाग सगळ्यात कमकुवत, हे एका लेखात वाचलेलं मत पटलं नाही. लांबण आहे, हे मान्य. 2003 साली आलेलं हे पुस्तक मालिकेत सर्वांत जाडजूड, 38 प्रकरणांचं. ग्रिमॉल्ड प्लेस या जुन्या घरातली साफसफाई संपता संपत नाही आणि हॅग्रिडच्या राक्षस भावाचं, ग्रॉपचं प्रकरण निम्म्यात आटोपलं असतं तरी चाललं असतं.

पण सरकारनं शाळेवर लादलेली शिक्षिका अम्ब्रिज! खलनायक व्होल्डेमॉर्टची भीती वाटते, पण चीड येते ती हिचीच. गुलाबी कपडे, गोड आवाज आणि मुलांच्या हातावर त्यांच्याच रक्तानं अक्षरं कोरणारी लेखणी. सरकारी शिक्क्याच्या आडून चालणारा छळ मुलांच्या पुस्तकात इतक्या नेमकेपणानं आलेला मी तरी क्वचितच वाचला.

आणि सेंट मंगोज या जादूगारांच्या इस्पितळातला तो प्रसंग. भान हरपलेली आई हॅरीच्या वर्गमित्राच्या, नेव्हिलच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे. तो गुपचूप खिशात घालतो. आजही तिथे डोळे भरून येतात.

माझी खरी तक्रार आरशाबद्दल आहे. हॅरीच्या धर्मपित्यानं, सिरियसनं एकमेकांशी बोलण्यासाठी दिलेला आरसा हॅरीला ऐन वेळी आठवतच नाही आणि सिरियस मेल्यावर तो आरसा ट्रंकेत सापडतो. इतका मोठा मृत्यू अशा विसरण्यावर टांगलेला मला अजूनही खटकतो. हॅरीच्या चिडचिडीला मात्र नावं ठेवू नका. पंधरा वर्षांचा पोरगा, डोळ्यांदेखत मित्र मेलेला आणि कुणी विश्वास ठेवत नाही; तो ओरडणारच.