पहिल्याच हंगामात प्रशिक्षक कळतो?

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक नेमला की चाहत्यांमध्ये एक विधान हमखास फिरू लागते. (हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड कवचे चढवून खेळला जाणारा अमेरिकी खेळ.) त्या विधानाचा मथितार्थ असा: खरा प्रशिक्षक पहिल्याच हंगामात कळतो, निक सेबन या नामवंत प्रशिक्षकाने अलाबामा विद्यापीठाच्या संघाला हात लावला आणि सोने झाले, आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे (म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी नाव नोंदवता येते त्या यादीमुळे) वर्षभरात अख्खा संघ नव्याने उभा करता येतो, कोट्यवधी डॉलर मोजल्यावर थांबायचे कशासाठी, आणि चाहत्यांनी धाक ठेवला नाही तर दर्जा घसरतो. म्हणून पहिल्या वर्षी जिंकला नाही त्याला घरी पाठवावे. यातला एकेक मुद्दा तपासून पाहण्याजोगा आहे.

सुरुवात सेबनपासूनच करावी लागेल, कारण या दाव्याचा सगळा डोलारा त्याच्या नावावर उभा आहे. जानेवारी २००७ मध्ये तो अलाबामाला आला, तेव्हा लोकांच्या अपेक्षा कुठवर पोहोचल्या होत्या हे पाहायचे तर त्या एप्रिलमधला, विद्यापीठाच्या टस्कलूसा या गावातला सराव सामना आठवावा. एकाच संघाचे खेळाडू दोन गटांत विभागून आपसात खेळणार होते, निकालाला कसलेही मोल नव्हते, आणि तरीही ९२,१३८ माणसे ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये येऊन बसली होती. त्यानंतरच्या हंगामात मात्र पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकलेला हा संघ सलग चार सामने हरला. त्यातला एक पराभव १७ नोव्हेंबरला घरच्याच मैदानावर लुइझियाना-मन्रो या किरकोळ समजल्या जाणाऱ्या संघाकडून झाला, १४ विरुद्ध २१. नियमित हंगामानंतर निमंत्रणावरून होणारा अखेरचा ‘बोल’ सामना जिंकल्यामुळे हिशेब ७ विजय आणि ६ पराभव असा लागला. पुढे खेळाडूंना मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकांच्या गैरवापराचे प्रकरण निघाले आणि त्यातले पाच विजय रद्द झाले, त्यामुळे अधिकृत दप्तरी त्या हंगामाची नोंद २ विजय आणि ६ पराभव अशी आहे. फिरत्या विधानातला नियम त्या डिसेंबरमध्ये लावला असता, तर ज्याचे उदाहरण दिले जाते त्यालाच सर्वांत आधी गाशा गुंडाळावा लागला असता.

मग पुढच्या वर्षी काय बदलले? २००८ मध्ये अलाबामाने नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले, आणि गंमत अशी की क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, आदल्या वर्षीचाच, जॉन पार्कर विल्सन, म्हणजे आधीच्या प्रशिक्षकाने निवडलेला खेळाडू होता. बदलले ते त्याच्या भोवतीचे मनुष्यबळ. शाळकरी खेळाडूंची भरती वर्ष-दोन वर्षे आधीपासून चालते आणि तेव्हा त्यांच्या सह्या फेब्रुवारीत होत असत. जानेवारीत रुजू झालेल्या प्रशिक्षकाच्या हाती त्या वर्षीच्या भरतीसाठी जेमतेम महिना उरत असे. सेबनला पूर्ण वर्ष मिळाले ते २००८ च्या तुकडीसाठी, आणि त्या तुकडीत हुलिओ जोन्स होता, मार्क इंग्राम होता, डॉन्टा हायटॉवर होता, शिवाय दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून आणलेला, साडेतीनशे पौंडांहून जड असा टेरन्स कोडी बचावफळीच्या मध्यभागी उभा राहिला. २००९ मध्ये इंग्रामने देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारे हाइझमन पारितोषिक मिळवले आणि संघ १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. पहिल्या हंगामात मैदानावर दिसतो तो बराचसा आधीच्या माणसाचा संघ. नव्या माणसाची कमाई नजरेला पडायला दोन फेब्रुवारी उलटावे लागत.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. मायामीच्या लॅरी कोकरने २००१ मध्ये पहिल्याच हंगामात १२ पैकी १२ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले. तो संघ बुच डेव्हिसने बांधला होता आणि कोकर त्याचाच सहायक होता. २००६ अखेर त्याच कोकरला काढून टाकावे लागले. नोटर डेमने तर २००५ मध्ये चार्ली वाइसचा पहिला हंगाम चालू असतानाच, ऑक्टोबर महिन्यात, भारावून जाऊन त्याला दहा वर्षांचा नवा करार देऊन टाकला. दोन वर्षांनी त्याचा संघ १२ पैकी ९ सामने हरला, २००९ मध्ये त्याला निरोप देण्यात आला, आणि करारमुक्तीपोटी विद्यापीठाला जवळपास १ कोटी ९० लाख डॉलर पुढची कित्येक वर्षे मोजत राहावे लागले. पहिल्या हंगामावरून निकाल देण्याची घाई नकाराच्या बाजूने महागात पडते, तशी होकाराच्या बाजूनेही पडते.

आता पोर्टल. हा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. २०२१ पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभाही मिळाली. याचा लाभ कोणी कसा उठवावा हे इंडियानात कर्ट सिग्नेटीने दाखवले. २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने हरलेल्या संघाने त्याच्या पहिल्या वर्षी ११ सामने जिंकले आणि दुसऱ्या वर्षी थेट राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. परंतु त्याने नुसते खेळाडू गोळा केले नव्हते. जेम्स मॅडिसन विद्यापीठातले, त्याच्या हाताखाली खेळून तयार झालेले डझनभराहून अधिक खेळाडू त्याच्याबरोबर आले, म्हणजे घडी आधीच बसलेली होती आणि ती उचलून दुसऱ्या घरात नेली इतकेच. कोलोरॅडोत डिऑन सँडर्सने २०२३ मध्ये पोर्टलमधून पन्नासाच्या आसपास खेळाडू आणले. पहिले तीन सामने जिंकल्यावर साऱ्या देशाचे डोळे दिपले, आणि हंगाम संपला तो ४ विजय, ८ पराभवांवर, कारण क्वार्टरबॅकला सांभाळणारी पुढची फळी एकमेकांशी मुळी जुळलेलीच नव्हती. पाच जणांनी एकाच क्षणी एकाच दिशेला सरकायचे असते, आणि ते सवयीने येते.

शिवाय हे दार दोन्ही बाजूंनी उघडते. १० जानेवारी २०२४ रोजी सेबनने निवृत्ती जाहीर केली आणि प्रशिक्षक बदलल्यावर मिळणाऱ्या मुभेनुसार अलाबामाचे खेळाडू निघून जाऊ लागले. त्यांतला बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभरात राष्ट्रीय विजेत्या संघाचा भाग झाला. नवा प्रशिक्षक केलेन डिबोर याने सेबनच्या जागी पहिल्या हंगामात ९ सामने जिंकले, ४ गमावले. त्यात १९८४ नंतर अलाबामाला एकदाही न हरवलेल्या व्हँडरबिल्टकडून झालेला ३५ विरुद्ध ४० असा पराभव होता, आणि चाहत्यांनी त्याला धारेवर धरले. याच डिबोरने २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आदल्या वर्षी फक्त ४ सामने जिंकलेल्या संघाला पहिल्याच वर्षी ११ विजय मिळवून दिले होते. दोन वर्षांत माणूस बदलला नव्हता. जागा बदलली, सोबतचे खेळाडू बदलले, आणि अपेक्षेची पातळी तर कुठच्या कुठे गेली.

पैशाचा मुद्दा थोडक्यात निकाली काढता येतो. मानधन मोठे आहे हे खरेच, पण माणूस काढण्याची किंमतही करारातच लिहिलेली असते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढले तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याला देणे लागले. पैसे जास्त मोजले म्हणून धीर कमी असावा, हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही.

अर्थात धीर धरला की फळ मिळतेच असे मी म्हणत नाही. नेब्रास्काने आपल्याच माजी क्वार्टरबॅकला, स्कॉट फ्रॉस्टला, चार हंगाम पूर्ण दिले. चारही हंगामांत पराभव विजयांपेक्षा जास्त निघाले आणि पाचव्याच्या सुरुवातीला त्याला जावे लागले. त्याला आधी काढायला हवे होते, असे मला वाटते. पण तो निर्णय तिसऱ्या वर्षीही घेता आला असता. तोवर भरतीचे आकडे, शेवटच्या क्षणी हातचे निसटलेले सामने, सहायकांची निवड असे बरेच काही समोर आलेले होते. पहिल्या वर्षी यातले फारसे काहीच समोर नसते.

राहिला धाकाचा प्रश्न. अलाबामात १९८८ मध्ये ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाकडून) घरच्या मैदानावर हरल्यावर प्रशिक्षक बिल करीच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आत आली. पुढच्याच वर्षी त्याने पहिले दहा सामने जिंकले, शेवटचे दोन हरला, आणि स्वतःहून केंटकी विद्यापीठात निघून गेला; धाकाने दर्जा वाढला की चांगला माणूस गेला, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या जागी आलेला जीन स्टॉलिंग्स १९९० मध्ये पहिले तिन्ही सामने हरला. तो हंगाम ७ विजय आणि ५ पराभवांवर संपला. त्याला ठेवून घेतले, आणि १९९२ मध्ये अलाबामाने १३ पैकी १३ सामने जिंकले.