कॉन्फिग फाइल रेजेक्सने वाचा म्हणणाऱ्यांना उत्तर

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: 'वेब सर्व्हरची कॉन्फिग वाचायला पार्सर लिहू नका. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत एक सेटिंग. रेजेक्स लावा, हवी ती किंमत काढा. इन्क्लुडची भानगड असेल तर सर्व्हरलाच विचारा. पार्सर म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले.' (कॉन्फिग म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची फाइल, रेजेक्स म्हणजे मजकुरातला ठराविक नमुना शोधणारं सूत्र, पार्सर म्हणजे फाइलची रचना समजून वाचणारा कोड, आणि इन्क्लुड म्हणजे एका कॉन्फिगमधून दुसरी फाइल ओढून घेणं.) इंजिनिअरिंगची पोरं हे खरं धरून चालतात आणि लोकांच्या चालू साइटवर असला कोड चढवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'एका ओळीत एक सेटिंग.' इंजिनएक्स या वेब सर्व्हरपुरतं हे सरळ चूक आहे. तिथे निर्देश, म्हणजे एक सेटिंग, अर्धविरामाला संपतो, नाहीतर महिरपी कंसाने ब्लॉक उघडतो. ओळ कुठे तुटली याला काही किंमत नाही. लॉग फॉरमॅट (नोंदी कशा लिहायच्या ते सांगणारा निर्देश) चार-पाच ओळींवर पसरलेला असतो. '#' टोकनच्या, म्हणजे फाइलमधल्या सुट्या शब्दाच्या, सुरुवातीला आला तरच टिप्पणी. अवतरणचिन्हांत किंवा टोकनच्या मध्ये आला तर तो नुसता एक वर्ण. महिरपी कंसाचंही तेच. डॉलरला चिकटून आलेला कंस व्हेरिएबलचा असतो, अवतरणचिन्हांतला लोकेशनच्या (कुठल्या पत्त्याला कोणते नियम ते सांगणाऱ्या ब्लॉकच्या) पॅटर्नचा असू शकतो. कंस मोजून ब्लॉक ओळखणारा रेजेक्स इथेच फसतो. इंजिनएक्सचा स्वतःचा सी भाषेतला कोड एकेक वर्ण पाहत, आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते लक्षात ठेवत पुढे जातो.

अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ओळीला अर्थ आहे, पण शेवटी बॅकस्लॅश असेल तर निर्देश खालच्या ओळीत चालू राहतो. निर्देशामागे त्याच ओळीत टिप्पणी चालत नाही. म्हणजे दोघांचे वाचक वेगळेच लिहावे लागतात. दोघांनी शेवटी एकाच आकाराचं ट्री, म्हणजे कुठला निर्देश कुठल्या ब्लॉकच्या आत आहे ते दाखवणारी रचना, द्यावं, एवढं सामायिक ठेवता येतं.

'हवी ती किंमत काढा.' माझा खरा आक्षेप या वाक्यावर आहे. लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गाची साइट घ्या. सर्व्हर ब्लॉकमध्ये सुरक्षेचे हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) लावलेले आहेत. निकालाच्या दिवशी ताण येतो, म्हणून कुणीतरी निकालाच्या लोकेशनमध्ये कॅशसाठी आणखी एक 'अ‍ॅड हेडर' टाकतं. इंजिनएक्सचा डीफॉल्ट नियम असा, की आतल्या पातळीवर एकही 'अ‍ॅड हेडर' नसेल तरच बाहेरचे खाली उतरतात. आता निकालाच्या पानावर सुरक्षेचा एकही हेडर जात नाही. रेजेक्सला मात्र ती ओळ फाइलमध्ये सापडते आणि तो 'आहे' म्हणून मोकळा होतो. ओळ सापडणं वेगळं, ती कुठे लागू आहे हे कळणं वेगळं. त्यासाठी प्रत्येक निर्देशाला त्याचा पालक ब्लॉक माहीत असावा लागतो. अपाचीत तर फाइलमधला क्रमही पुरत नाही: डिरेक्टरीचे नियम आधी, मग फाइल्सचे, मग लोकेशनचे, वर कुठे काहीही लिहिलेलं असो.

'सर्व्हरलाच विचारा.' इंजिनएक्सच्या १.९.२ आवृत्तीपासून कमांडला मोठ्या टी-चा (-T) पर्याय आहे, तो इन्क्लुडसकट सगळं छापतो. चांगली सोय आहे. पण कॉन्फिग तपासणीत नापास झाली की ते छापलं जात नाही, आणि मदतीची गरज नेमकी तेव्हाच असते. शिवाय हाती येतं ते पुन्हा टेक्स्टच.

राहिले चोचले. साइटला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट मिळवून देणारं सर्टबॉट हे मोफत साधन कितीतरी छोट्या साइट वापरतात. त्याचा अपाचीचा भाग ऑगियसवर चालतो, इंजिनएक्सचा भाग पायपार्सिंगवर, आणि ही दोन्ही पार्सिंगचीच साधनं आहेत. इंजिनएक्ससाठी क्रॉसप्लेन ही तयार पायथन लायब्ररी आहे, ती कॉन्फिगची रचना जेसन या स्वरूपात काढून देते. स्वतः लिहायचं तरी टोकनायझर (टेक्स्टचे टोकन पाडणारा), ट्री आणि इन्क्लुड उलगडणं असे तीन भाग. ट्रीच्या प्रत्येक नोडवर, म्हणजे प्रत्येक निर्देशाजवळ, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक ठेवा, नाहीतर चूक कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधत बसाल. इंजिनएक्समध्ये इन्क्लुडचा सापेक्ष पत्ता मुख्य कॉन्फिगच्या फोल्डरपासून मोजतात, इन्क्लुड करणाऱ्या फाइलपासून नाही. फाइल फिरून स्वतःलाच बोलावते का, तेही तपासा.

आपल्याच फाइलमधला एखादा पोर्ट एकदा बघायचा असेल, तर ग्रेप ही ओळ शोधणारी कमांड पुरे. त्याला पार्सर लागत नाही.

फाइल बदलून परत लिहायची असेल तर टिप्पण्या ट्रीमध्येच ठेवा. आपल्याकडे छोट्या ऑफिसात कोड आणि सर्व्हर दोन्ही एकच माणूस सांभाळतो, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला की मागे राहते ती '# हा पोर्ट बदलू नका' एवढी मराठी ओळ. ती पुसणारा मॉड्यूल मला चालणार नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, तेव्हा चूक कुठे आहे ते दाखवताना बाइट मोजताय की चिन्हं, तेही ठरवून घ्या. पहिली टेस्ट हीच लिहा: फाइल वाचायची, काहीही न बदलता परत लिहायची, आणि दोन्हींत एका बाइटचाही फरक निघता कामा नये.