पिक धरणारा अर्धा वादक नसतो

गेल्या महिन्यापासून आमच्या जळगाव-भुसावळकडच्या गिटारवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला, त्यातले चार माझेच विद्यार्थी. मजकूर थोडक्यात असा: बोटांनी वाजवणं हीच गिटारची मूळ आणि शुद्ध पद्धत, पिक, म्हणजे तार छेडायची छोटी तिकोनी चकती, ही नंतर काढलेली पळवाट. पिकने सूर कर्कश लागतो. पिकने एका वेळी एकच तार वाजते. जगातले मोठे वादक पिकला हात लावत नाहीत. नवशिक्याने पिक धरलं तर त्याची बोटं कधीच तयार होत नाहीत. आणि शेवटी, ‘पिक फेका, नखं वाढवा, खरे वादक व्हा.’

एरवी मी हे वाचून सोडून दिलं असतं. पण अमळनेरकडचा माझा एक विद्यार्थी लागोपाठ दोन रविवार क्लासला आला नाही. फोन केला तर म्हणाला, “सर, मन्हं नख टिकसच नही.” घरची कापसाची शेती. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना सारखी लागतात, नखांच्या कडा फाटतात. दीड वर्ष मन लावून वाजवणारा पोरगा, नखं नाहीत म्हणून गिटार खुंटीला टांगून बसला. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ‘मूळ पद्धत’. त्यासाठी गिटारच्या माहेरी, स्पेनपर्यंत, जायची गरज नाही. नाट्यशास्त्रात दोन वीणा शेजारीशेजारी सांगितल्या आहेत. सात तारांची चित्रा बोटांनी वाजवायची आणि नऊ तारांची विपंची ‘कोणा’ने. कोण म्हणजे तार छेडायचं साधन, आपल्या भाषेत पिकच. आजही तंबोरा बोटांनी छेडतात, सतारीला तारेची नखी लागते आणि सरोदला नारळाच्या करवंटीचा जवा. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात तेव्हा तुणतुण्याची तार काडीनेच वाजते ना? युरोपातलं ल्यूट हे गिटारसारखं जुनं वाद्यही आधी पिसाच्या दांडीने वाजवत. पंधराव्या शतकाच्या अखेरीकडे वादक बोटांकडे वळले, कारण त्यांना दोन-तीन सुरावटी एकत्र वाजवायच्या होत्या. म्हणजे तिथे पिक आधीचं आणि बोटं नंतरची. शुद्ध-अशुद्धाचा संबंध कुठेच नाही, काय वाजवायचंय त्यावर हात ठरला.

आता कर्कश सुराचं. यावर मला जास्त बोलायचंय, कारण कान तयार व्हायच्या आधीच हा समज पोरांच्या डोक्यात बसतो.

एकदा क्लासमध्ये सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एकाच गिटारवर एकच तार तीनदा वाजवली. पहिल्यांदा अंगठ्याच्या मांसल भागाने, पण अगदी ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीजवळ. दुसऱ्यांदा पिक घट्ट धरून, तेही ब्रिजजवळ. तिसऱ्यांदा तेच पिक सैल धरून, थोडं तिरकं करून, फ्रेटबोर्ड, म्हणजे डाव्या हाताने तारा दाबायची पट्टी, संपतो तिथे. आठपैकी सहा जणांनी तिसरा आवाज बोटाचा म्हणून सांगितला.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तार एका सुरात वाजते असं वाटतं, पण तिच्यात मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूरही असतात. तार बरोबर मधोमध छेडली तर त्या वरच्या सुरांपैकी निम्मे उमटतच नाहीत आणि आवाज गोल लागतो. ब्रिजकडे सरकावं तसे ते वाढत जातात आणि आवाज टोकदार होतो. हे बोटालाही लागू आहे आणि पिकलाही. दुसरी गोष्ट, तार सुटते कशावरून. बोटाचा मांसल भाग रुंद आणि मऊ असतो, त्यावरून तार घरंगळत सुटते. पिकची कड अरुंद आणि कडक, तिच्यावरून ती झटकन सुटते. पण नखही कडकच असतं की! नखाने वाजवणाऱ्याचा सूर पिकच्या जवळ जातो, ही गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आली नाही. शिवाय पिकमध्येही पातळ, मध्यम, जाड असे प्रकार आहेत. अर्ध्या मिलिमीटरच्या पिकचा खुळखुळ आवाज आणि दीड मिलिमीटरच्या, गोल कडेच्या पिकचा भरीव आवाज एकाच हाताने काढून बघा. सूर कर्कश लागत असेल तर पिक फेकण्याआधी पकड सैल करा, टोक कमी बाहेर ठेवा आणि हात ब्रिजपासून लांब न्या.

‘एकच तार वाजते’ हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. खर्जाची तार आणि वरची सुरावट एकाच क्षणी हवी असेल, मधल्या तारा सोडून, तर नुसत्या पिकने ते होत नाही. तिथे अंगठा आणि तीन बोटंच लागतात. पण दहा-बारा जण टाळ्या वाजवत गात असतील तेव्हा सहाही तारांवरून फिरणारा तालाचा हात पिकने जितका मोकळा चालतो तितका उघड्या बोटांनी चालत नाही. आणि दोन्ही एकत्रही करता येतं. अंगठा-तर्जनीत पिक, आणि मधलं बोट, अनामिका वरच्या तारांना. माझ्या दोन विद्यार्थिनी असंच वाजवतात.

मोठ्या वादकांची यादी तर दोन्ही बाजूंनी देता येते. वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवायचे, पाको दे लुसिया बोटांनी. जेफ बेक यांनी ऐंशीच्या दशकात पिक सोडलं, पण तोवर ते पिकनेच नावारूपाला आले होते. जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत अधू झाली, तरी पिकने त्यांनी जो वेग गाठला तो आजही लोक शिकायला धडपडतात. ब्रायन मे सहा पेन्सचं नाणं पिक म्हणून वापरतात. आणि आपले विश्वमोहन भट्ट, ज्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते मोहनवीणा, म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची बदललेली गिटार, वाजवतात ती अंगठ्यात आणि बोटांत नख्या चढवूनच.

‘नखं वाढवा’ हा सल्ला मात्र मला खरोखर घातक वाटतो. तो नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारसाठी ठीक आहे. तिथेही स्पेनचे मोठे क्लासिकल गिटारवादक तारेगा यांनी उत्तरायुष्यात नखांशिवाय वाजवलं. आमच्याकडे दहातल्या नऊ पोरांच्या हातात स्टीलच्या तारांची गिटार असते आणि स्टीलची तार नख खाते. मग कुणीतरी तारा बदलायचं सुचवतं. स्टीलच्या गिटारला नायलॉन लावली तर आवाज मरतो. उलट केलं, क्लासिकलला स्टील चढवली, तर त्याहून वाईट. नायलॉनच्या संचाचा ताण साधारण चाळीस किलो, स्टीलचा सत्तरच्या आसपास. ब्रिज उखडून हातात येतो. एका मुलीची गिटार अशी गेलेली मी पाहिली आहे, तिच्या वडिलांनी ती हप्त्यांवर घेतली होती.

राहिला नवशिक्यांचा प्रश्न. बोटं ‘तयार’ होतात, म्हणजे घट्टे पडतात, ते तारा दाबणाऱ्या हाताला. उजव्या हातात पिक असो वा नसो, डाव्याला त्याने काही फरक पडत नाही.

अमळनेरच्या त्या पोराला मी घरी बोलावलं. संथ गाण्यांसाठी अंगठ्याचा आणि बोटांचा मांसल भाग, नख लागतच नाही. तालासाठी पिक. त्याच्याकडचं हरवलं होतं, म्हणून त्याच्या वडिलांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, मध्यम पिकइतकीच. कात्रीने तिकोनी कापलं, कडा ओट्याच्या फरशीवर पाणी टाकून घासल्या. एका कार्डात चार झाली. तीन त्याने खिशात टाकली आणि चौथ्याने तिथेच, ओट्यावर बसून, अंधार पडेपर्यंत वाजवत राहिला.