आज इंग्लंड कुठल्या चॅनेलवर?

इंग्लंडमध्ये बसून इंग्लंडची मॅच बघायची, तर आधी चॅनेल हुडका! फुटबॉल वर्ल्ड कप कायद्यानेच फुकट, बीबीसी आणि आयटीव्हीवर वाटून. (फुकट कसलं म्हणा, टीव्हीची लायसन्स फी भरायचीच.) पण क्रिकेट? १९९८ साली सरकारने घरच्या टेस्ट 'अ' यादीतून (फुकट चॅनेलवर लाइव्ह) 'ब' यादीत ढकलल्या, म्हणजे फुकटात हायलाइट्स पुरेत. २००५ ची अ‍ॅशेस चॅनेल फोरवर अख्ख्या देशाने पाहिली आणि २००६ पासून टेस्ट पैसे भरून बघायच्या स्कायच्या कुलपात. २०१९ ची वर्ल्ड कप फायनल एकदाची फुकट मिळाली, तर फॉर्म्युला वनची शर्यत आहे म्हणून मध्येच चॅनेल फोरवरून त्यांच्याच मोअर फोरवर हलवली! बसा रिमोट दाबत.

त्यात ते स्ट्रीमिंग. इंग्लंडचा फुटबॉलपटू हॅरी केन अजून पेनल्टीसाठी बॉल ठेवतोय, तोवर शेजारच्या घरात बोंबाबोंब. वाय-फाय बदलून फारसं काही होत नाही. व्हिडिओचे तुकडे करून, थोडे साठवून मगच दाखवतात, उशीर तिथेच होतो. छतावरच्या अँटेनाची वायर थेट टीव्हीला जोडा, स्कोअर अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद करा. शेजाऱ्याला म्यूट बटण नाही, त्याला इलाज नाही.